खड्डा बुजवण्याआधी पाण्याचा माग काढा

खड्डा बुजवायला निघाल तेव्हा डांबराच्या आधी एक बादली पाणी सोबत घ्या. खड्ड्याच्या वरच्या अंगाला, चार-पाच पावलं मागे, रस्त्यावर ते सावकाश ओता आणि कुठे जातं ते बघत उभे राहा. सरळ खड्ड्यात गेलं, तर आज भरलेला खड्डा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडणार. कडेला जाऊन साईडपट्टीच्या मातीला अडून तुंबलं, तरी तेच. गटारात उतरलं तरच मालाची गाडी बोलवा.

माझं गाव जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडचं, पण नोकरी झाली सीमा सडक संघटनेत. ओव्हरसिअर होतो आणि बराचसा काळ लडाखमध्ये गेला. आता घरी असतो. पुतण्या छोटी-मोठी रस्त्याची कामं घेतो, तो येऊन काहीबाही विचारत असतो. मागच्या हिवाळ्यात नंदुरबारच्या सातपुड्यात, तोरणमाळला, दव गोठल्याचे फोटो मोबाईलवर फिरत होते आणि त्यातच कुणीतरी तिकडच्या उखडलेल्या रस्त्याचा फोटो घुसडला होता. त्याने विचारलं, "नाना, थंडीघाई रस्ता फुटस का?" मी म्हटलं, "थंडीघाई नही रे, पानीघाई फुटस." म्हणजे थंडीने नाही, पाण्याने फुटतो. उत्तर एका ओळीचं आहे, पण नुसतं ते पाठ करून खड्डा नीट भरला जात नाही.

तोरणमाळचं आणि तिकडच्याच डाबचं आधी सांगून टाकतो. तिथे पहाटे गवतावर आणि जीपच्या टपावर पांढरा थर दिसतो, ऊन आलं की जातो. जमीन आतपर्यंत गोठत नाही. त्या रस्त्यांचं नुकसान घाटातल्या पावसाच्या लोंढ्यांनी होतं, त्याचा दोष थंडीला देऊ नये. खरी गोठणारी जमीन बघायची तर लडाखला जावं लागतं.

गोठलेली जमीन रस्ता कसा उचलते

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण हिशोब करून बघा. मातीतल्या पोकळ्यांत आहे तेवढंच पाणी जागच्या जागी गोठलं, तर मीटरभर जाडीची माती तीन-चार सेंटीमीटरच वर येईल. प्रत्यक्षात रस्ता त्याहून कितीतरी जास्त उचललेला दिसतो, आणि तोही एका जागी उचललेला, शेजारी सपाट. मग हे जास्तीचं पाणी येतं कुठून?

ते खालून येतं. थंडी वरून जमिनीत उतरत जाते. ती जिथवर पोचली त्या पातळीवर बर्फाची एक पातळ चकती तयार होते, आणि ही चकती खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर ओढून घेते, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. आलेलं पाणी चकतीला चिकटून गोठतं, चकती जाड होते आणि वरची खडी-डांबर सगळं उचलते. थंडी आणखी खाली उतरली की तिथे दुसरी चकती धरते. स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास हे प्रयोगाने दाखवलं होतं. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन घालून ते गोठवलं. बेंझिन गोठताना आकसतं, तरीही माती वर उचलली गेली. खालून पुरवठा चालू असेल तर माती उचलणार, मग तो द्रव फुगो की आकसो.

म्हणजे रस्ता उचलला जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: टिकून राहणारी थंडी, पाणी ओढणारी माती आणि ओढायला पाणी. थंडीचं आपण काही करू शकत नाही. दुरुस्तीचा सगळा खेळ उरलेल्या दोन गोष्टींचा.

माती कोणती वाईट? जाड वाळू आणि बजरी पाणी वर चढवत नाही. चिकण माती चढवते, पण तिच्यातून पाणी फार हळू सरकतं. मधली पोयट्याची माती सगळ्यात घातक, कारण ती पाणी ओढतेही जोरात आणि सोडतेही भराभर. मातीचे अभ्यासक आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३१ मध्ये सांगितलेला अंदाज अजून वापरतात: चांगल्या मिश्र खडी-मातीतही ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांच्या वर गेले की संशय घ्यावा. साईटवर प्रयोगशाळा नसते, तेव्हा हातावरची परीक्षा करायची. ओल्या मातीचा छोटा गोळा तळहातावर थापा आणि दुसऱ्या हाताने त्या हाताला खालून ठोके द्या. गोळ्याच्या पृष्ठभागावर पाणी चकाकलं आणि बोटांनी दाबताच चकाकी गेली, तर तो पोयटा. आपली काळी माती असं करणार नाही. तिची हातावर बारीक वळी निघेल.

आता नवख्या माणसाला पटत नाही ती गोष्ट. रस्त्याला सगळ्यात वाईट दिवस कडाक्याच्या थंडीचे नसतात. गोठलेली जमीन भरलेला ट्रक आरामात पेलते. रस्ता मोडतो तो बर्फ सुटण्याच्या आठवड्यांत. ऊन वरून लागतं, वरचा थर सुटतो, पण खालची जमीन अजून गोठलेलीच असते, म्हणून सुटलेल्या पाण्याला खाली मुरायला वाट नाही. डांबराच्या पोटात चिखल होतो. ट्रकचं चाक गेलं की तो चिखल भेगेतून वर उसळतो आणि सोबत बारीक माती घेऊन येतो. आत पोकळी होते, वरचा थर खचतो आणि एका दिवसात खड्डा तयार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत ठेवण्याची मोठी चाचणी झाली. तिथेही वसंतातच रस्ते जास्त मोडले. त्याच चाचणीतून पुढे निघालेला आडाखा असा की नुकसान अ‍ॅक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपल्याकडे रस्त्याचं गणित ८.१६ टनांच्या अ‍ॅक्सलवर करतात आणि चार चाकांच्या एकेरी अ‍ॅक्सलला २०१८ पासून ११.५ टनांची परवानगी आहे. म्हणजे असा एक अ‍ॅक्सल रस्त्याला जवळजवळ चार प्रमाण-अ‍ॅक्सलइतका त्रास देतो. कायद्यात बसणारं वजन धरूनच हे गणित आहे. वाळूच्या डंपरचं मी बोलतच नाही. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ सुटायच्या आठवड्यांत अवजड गाड्यांचं वजन उतरवायला लावतात ते यासाठीच.

थंडीत डांबरही ठिसूळ होतं, आकसतं आणि रस्त्याला आडव्या भेगा पडतात. म्हणून थंड मुलखात व्हीजी-१० हे मऊ जातीचं डांबर वापरतात. तेच जळगावच्या ४५ अंशांत टाकलं तर ट्रकच्या चाकोऱ्या उमटतील. आपल्याकडे त्याहून घट्ट व्हीजी-३०, अवजड रहदारीला आणखी घट्ट व्हीजी-४०.

लडाखकडची दुरुस्ती

हिवाळ्यात पाहणी करायची, उन्हाळ्यात काम. फुगवटा दिसला की कापून सपाट करायचा मोह होतो. कापू नका. बर्फ सुटल्यावर जमीन खाली बसते आणि कापलेल्या जागी खळगा उरतो. फुगवट्याच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करायची, किलोमीटर डायरीत लिहायचा आणि उन्हाळ्यात त्याच जागी खणायला यायचं. हिवाळ्यात खूण केली नसेल तर जूनमध्ये रस्ता निरागस दिसतो आणि माणूस भलत्याच जागी खणतो.

खणण्याआधी डोंगराच्या अंगाला चढून बघायचं. झरा असेल, बर्फाचा पाझर असेल, नाहीतर शेताचं पाणी असेल. लेह, नुब्रा या भागात पाऊस नगण्य, पण जव-गव्हाची शेतं वितळलेल्या बर्फाच्या पाटांनी भिजवतात आणि ती ओल रस्त्याखाली शिरते. ती अडवायला डोंगराच्या बाजूने खोल चर घ्यायचा, आत पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं, वर स्वच्छ खडी भरायची आणि चराचं तोंड मोरीला जोडायचं. चर वाहायला लागल्यावर रस्त्यातला पोयटा काढून तिथे बारीक माती नसलेली बजरी भरायची. गोठणाऱ्या भागात खालची जमीन कितीही चांगली असली तरी रस्त्याची एकूण जाडी ४५० मिलिमीटरहून कमी ठेवू नये, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत होतं. आमच्याकडे झारखंडमधल्या दुमक्याहून आलेले मजूर असत. हे चर खणण्याचं काम त्यांच्याइतकं चोख करणारं कुणी मी पाहिलं नाही.

खिंडींवर जिथे काही केल्या डांबर टिकत नाही, तिथे इंटरलॉकिंग ब्लॉक बसवतात. जमीन हलली तर ब्लॉक काढायचे, वाळू सारखी करायची, तेच पुन्हा बसवायचे.

ऐन थंडीत खड्डा भरावाच लागला तर रॉकेलने पातळ केलेल्या कटबॅक डांबराचा तयार माल वापरतात. आग चटकन पकडतो, जवळ बिडी नको. इमल्शन, म्हणजे पाण्यात घोळवलेलं डांबर, तिथे नेऊन उपयोग नाही. त्यात पाणी असतं, पिंप गोठलं की डांबर वेगळं पडतं आणि पुन्हा मिसळत नाही. काँक्रीटच्या रस्त्याला तिकडे वेगळी काळजी लागते. मिश्रणात ४ ते ६ टक्के अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे मुद्दाम ठेवतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते. आपल्या ग्रामपंचायतीच्या काँक्रीट गल्लीला त्याची काही गरज नाही.

आपल्याकडे बर्फाचं काम काळी माती करते

काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्ता वर-खाली होतो, फक्त बर्फाशिवाय. डांबराखालचा मधला भाग ओल धरून असतो, कडा आधी वाळतात आणि खचतात. म्हणून कडेपासून हात-दीड हात आत, रस्त्याला समांतर अशी लांब भेग दिसते. पहिल्या पावसाचं पाणी तिच्यातून थेट काळ्या मातीत उतरतं.

माती किती फुगणारी आहे ते घरीही अंदाजाने कळतं. पूर्ण वाळवलेली, कुटून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती दोन मापन नळ्यांत घाला, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी बघा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपटीहून जास्त झाला असेल तर त्या जमिनीवर थेट खडी टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथे न फुगणाऱ्या मुरमाचा ६० सेंटीमीटरचा थर मध्ये हवा, किंवा वरच्या थरात वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून, ओला करून, दाबून घ्यायचा.

आणि साईडपट्टी. यावल-रावेरकडे केळीच्या बागा, शहाद्याकडे ऊस, आमच्याकडे कापूस. पीक कुठलंही असो, बांध कोरत कोरत नांगर डांबरापर्यंत येतो. मग साईडपट्टी उरत नाही, गटार बुजतं आणि शेताला दिलेलं पाणी रस्त्याच्या पोटात जातं. हे बोललं की गावात लोक नाराज होतात, पण सरपंचाने मोजणी करून एकदा गटार उघडं केलं तर दहा ट्रॉली गिट्टीपेक्षा जास्त काम होतं.

भेगा भरायच्या त्या पावसाआधी, मे महिन्यात. कॉम्प्रेसरने धूळ उडवा, रबर मिसळलेलं गरम डांबर ओता, पण काठोकाठ भरू नका. पावसात माती फुगून भेग मिटते आणि जास्तीचा माल वर येऊन गाडीच्या चाकांना चिकटतो.

खड्ड्यांची यादी मात्र पावसाळ्यातच करायची. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात चक्कर मारा, पाणी जिथे थांबलंय तिथले फोटो काढा, खांबावर खूण करा. नोव्हेंबरात कोरड्या रस्त्यावर हे काही दिसत नाही. रस्त्याचा उतार दोरीने तपासा. पावणेचार मीटर रुंदीच्या गावरस्त्याला अडीच टक्के उतार धरला तर मधला भाग कडेपेक्षा जवळजवळ ५ सेंटीमीटर उंच हवा. दोरी सपाट लागली तर खड्डे भरणं हा तात्पुरता उपाय आहे, हे काम देणाऱ्याला आधीच सांगून टाका.

प्रत्यक्ष भरणं

खड्ड्याचा आकार वेडावाकडा असतो, तो तसाच भरायचा नाही. भोवतालचं डांबर हातोडीने ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथवर ते सुटलेलं आहे. त्याच्याही पुढे १०-१५ सेंटीमीटर चांगल्या भागात चौकोन आखा, कटरने किंवा छिन्नीने कडा उभ्या कापा. उतरत्या कडेवर पातळ होत गेलेला माल पहिल्याच महिन्यात निघतो. तळ कडक लागेपर्यंत खणा. तळात ओला चिखल निघाला तर तो सगळा काढून खाली गिट्टी-मुरूम थराथराने धुम्मसने ठोकून घ्या. मग झाडून, तारेच्या ब्रशने घासून पूर्ण कोरडं करा.

तळाला आणि चारही कडांना इमल्शनचा पातळ टॅक कोट, म्हणजे नवा माल चिकटवणारा हात, द्या. पातळ म्हणजे पातळच. डबकं झालं तर तेच पुढे घसरतं. आधी तपकिरी दिसतं, काळं झालं की माल टाका. व्हीजी-३० चा गरम माल प्लांटवरून १५०-१६५ अंशांना निघतो, टाकताना १४० च्या खाली नको आणि दाबण्याचं काम ९० च्या आत उतरायच्या आधी संपलं पाहिजे. ताडपत्री न घालता माल आणणाऱ्या ट्रॉलीला मी परत पाठवायचो. हवा १० अंशांच्या खाली असेल तर डांबराचं काम करू नये असा मॉर्थच्या, म्हणजे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या, स्पेसिफिकेशनचा नियम आहे, आणि तो खान्देशातही लागू पडतो: डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पहाटेचा पारा सहज दहाच्या खाली जातो. दहा-अकराला ऊन रस्त्यात मुरल्यावर सुरू करा, चारला थांबा.

एका थरात सात सेंटीमीटरहून जास्त भरू नका. खोल असेल तर दोन थर, प्रत्येक वेगळा दाबून. दाबायला सुरुवात कडेपासून, मग मध्ये या. प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर उत्तम. शेवटी थर आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर उंच राहू द्या, रहदारीने तो बसतो. कडेच्या सांध्यावर डांबराचा एक हात फिरवा; पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं.

पावसाच्या मध्यात तातडीने भरायचं तर पिशवीतला कोल्ड मिक्स, म्हणजे न तापवता टाकायचा तयार माल, मिळतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात खड्ड्यांच्या दुरुस्तीचा मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की चांगला माल असेल तर नुसता टाकून ट्रकच्या चाकांनी दाबलेला खड्डाही बहुतेक ठिकाणी कापून-चौकोन करून भरलेल्याइतका टिकला. पण यातले 'चांगला माल' आणि 'चाकांनी दाबलेला' हे दोन शब्द आपल्याकडे गळतात. फावड्याने टाकून, पाठीने थोपटून निघून जाणं ही दुरुस्ती धरू नका. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं चाक पाच-सहा वेळा पुढे-मागे न्या.

पाइपलाइनचा चर

आमच्या भागातले निम्मे खड्डे जन्माने खड्डे नसतात, विहिरीवरून पलीकडच्या शेतात पाणी नेण्यासाठी रस्ता फोडलेला असतो. रात्री जेसीबीने चर खणायचा, पाइप टाकायचा, निघालेली काळी माती परत ढकलून द्यायची, ही रीत. ती माती पुढच्या पावसात फुगते, उन्हाळ्यात खचते आणि रस्त्याला आडवी नाली पडते. पाइप गळत असेल तर बारा महिने.

परवानगी घेऊन फोडायचाच असेल तर शेताचा पाइप दुप्पट व्यासाच्या दुसऱ्या पाइपातून न्या आणि बाहेरच्या पाइपाची तोंडं दोन्ही बाजूंच्या गटारापलीकडे काढा. गळती झाली तर पाणी बाहेर दिसेल, आणि आतला पाइप रस्ता न फोडता ओढून बदलता येईल. निघालेली काळी माती शेतात टाका. चरात पाइपाभोवती वाळू, तिच्यावर मुरूम १५ सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकलेला. वर गिट्टीचा थर देऊन दोन-तीन आठवडे रहदारी जाऊ द्या, बसेल तेवढा बसू द्या, कमी पडलेली गिट्टी भरा. त्यानंतर चराच्या दोन्ही कडांपासून वीतभर जुनं डांबर कापून काढा आणि वरचा थर त्या वाढीव रुंदीवर टाका, म्हणजे नवीन-जुन्याचा सांधा नेमका चराच्या कडेवर येणार नाही.